गारगोटीबाबांचं गुरुवारचं मौन

गुरुवारी सकाळी लोहगडवाडीच्या वरच्या अंगाला, गारगोटीबाबांच्या पत्र्याच्या मठापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. गडावर निघालेले ट्रेकरसुद्धा पाठीवरच्या पिशव्यांसकट थांबून टाचा उंचावून बघत होते. बाबा एकेक पुरचुंडी सोडत आणि आतला दगड उन्हात धरत. सव्वा महिन्यापूर्वी भक्ताने खाचरातून उचलून आणलेली ओबडधोबड गारगोटी आता अशी झळकत होती, की बघणाऱ्याच्या तोंडून आपोआप "आई गं!" निघत होतं.

"हा कस्तुराबाईचा!" बाबा गरजले. "पाताळाच्या पोटात पिकला, मंत्राच्या उबेत मुरला!"

शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्या कस्तुराबाईंनी दगड उलटापालटा करून पाहिला. "व्हय, ह्यो माजाच. ही तांबडी रेघ बगा की. मीच बांधावरनं उचललावता."

खरी गोम इथंच होती. बाबा दगड बदलत नव्हते. ज्याचा त्याला परत देत होते. मग शंका घ्यायची कुठून? मठामागच्या कुलूपबंद खोलीतून आठवड्याचे सहा दिवस अखंड घरघर ऐकू येई. तो म्हणे पाताळाचा नाद. गुरुवारी मात्र दिवसभर सगळं चिडीचूप. "आज धरणीमातेचं मौन," असं सांगून बाबा नेमके त्याच दिवशी दर्शन देत.

गडाच्या वाटेवर पिठलं-भाकरीची टपरी चालवणारे हौशीराम गर्दीच्या कडेला उभे होते. आले होते ते बायकोच्या, सरुबाईंच्या, आग्रहाखातर. त्यांचा देवावर पूर्ण विश्वास होता, बाबांवर अर्धा, आणि तोही उपाशीपोटी टिकत नसे.

सरुबाईंची पाळी आली. बाबांनी पुरचुंडी सोडली. आत दगड नव्हताच. चिमूटभर पांढरं पीठ होतं.

बाबांनी डोळे मिटले. सरुबाईंच्या हातात सरकारी दवाखान्याची पिशवी होती. ती दिसायला दिव्यदृष्टी लागत नव्हती. "माई, गोळ्या खातेस?"

"साखरेच्या खाते, बाबा."

"तरीच! विलायती औषध पोटात, शंका मनात. तुझं पाप दगडावर उतरलं आणि त्याचं पीठ झालं. गोळ्या सोड. ही विभूती रोज पाण्यातून घे आणि दुसरा दगड आण." बाबांनी राखाडी विभूतीची एक पुडी त्यांच्या हातात ठेवली.

सरुबाई घरी आल्या त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. गोळ्यांची पाकिटं त्यांनी फळीवर मागे सारून ठेवली. हौशीराम ओरडले, मुलगा ओंकार समजावून थकला. त्या एवढंच म्हणाल्या, "समद्यांचं दगड उजळलं, माज्याच का न्हाई? माजंच कायतरी चुकलं असंल." चौथ्या दिवशी त्यांची तहान भागेना, पायांना मुंग्या येऊ लागल्या. पायात पाप उतरतंय, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं.

इकडे घरात एक वेगळंच खूळ शिरलं होतं. ओंकारची मुलगी सृष्टी सातवीत. तिने खंडाळ्याला एका दुकानात गुळगुळीत दगड पाहिले आणि बापामागे लागली, "अशा गारगोट्या आपल्या खाचरात पडल्यात. आपण घरीच करू या ना." ओंकार कंपनीत फिटर. त्याने भंगारातली मोटार, दोन फिरते रूळ आणि झाकणाचा ड्रम जमवला. ड्रमात दगड, पाणी आणि हत्यारांना धार लावायची जाड भुकटी घालायची. तो आठवडाभर फिरवायचा. सगळं स्वच्छ धुऊन बारीक भुकटी घालायची, मग त्याहून बारीक, आणि शेवटी पॉलिश. नदी जे काम हजारो वर्षांत करते, ते महिना-सव्वा महिन्यात.

"लोक पोरांना शिकवायला शहरात नेत्यात," हौशीराम म्हणाले, "आन आमी धोंड्यांना आंगूळ घालतुय." पण ड्रम भरताना मात्र म्हाताऱ्याचा हात आवरला नाही. विहीर खणताना निघालेले पांढरे, चकाकते दगड त्यांनी आजवर ओट्यावर मांडून ठेवले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवल्याशिवाय चहा देत नसत. त्यांतले पाच त्यांनी हौसेने ड्रमात टाकले. "हे म्होरं चमकतील बग." ड्रमाची घरघर डोकं उठवायला लागली तेव्हा त्याची रवानगी गोठ्यात झाली.

बुधवारी संध्याकाळी झाकण उघडलं. आत ताकासारखा दाट राखाडी चिखल. सृष्टीने दगड धुतले. गारगोट्यांचे कोपरे झिजून गोल झाले होते. विहिरीचे पाच दगड मात्र कुठेच नव्हते.

"पळालं का काय?" हौशीराम ड्रमात डोकावले.

"चिखलात आहेत, आबा," ओंकार हसला. "ते मऊ. साध्या सुरीनंसुद्धा चरा जातो त्यांना. गारगोटीबरोबर फिरले की त्यांचं पीठच होणार. आपलीच चूक, वेगळे ठेवायला हवे होते."

"आरं, सरूचा दगूड!" हौशीराम ओरडले. सरुबाईंनी बाबांना दिलेला दगड त्याच विहिरीचा होता. तोही देखणा म्हणून निवडून दिलेला.

सृष्टी धावत जाऊन आजीच्या विभूतीची पुडी घेऊन आली. काचेच्या बाटलीवर चिमूटभर टाकून तिने ती लाकडाच्या तुकड्याने घासली. करकर आवाज आला आणि बाटलीवर ओरखडेच ओरखडे उठले. "आबा, राखेनं काच ओरखडत नाही. ही आपल्यासारखीच भुकटी आहे. आजी रोज हे पितेय!"

हौशीरामांना असा संताप आयुष्यात आला नव्हता. त्यांनी पुडी जप्त केली. पण सरुबाई काही ऐकेनात. "तुमच्या ड्रमाला मंतर कुटंय?" त्यांनी विचारलं. आता काय ते मठापुढेच दाखवायला हवं होतं.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वाडीची वीज दिवसभर बंद असते, हे शेंबडं पोरही जाणतं. धरणीमातेचं मौन आणि वायरमनचं काम एकाच वारी का, हे मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं. हौशीरामांनी वायरमन उमेशला फोन लावला.

"उद्या काम थोडंच हाय, भाऊ," उमेश म्हणाला. "बाराच्या ठोक्याला लाईट सोडतो."

दुसऱ्या दिवशी हौशीराम साडेअकरापासून बाबांपुढे ठाण मांडून बसले. शेजारी सरुबाई, मागे ओंकार आणि सृष्टी. "बाबा, पाताळ हितनं किती खोल?" "बाबा, तितं पाऊस पडतो का?" "आन म्हशी?" बाबा घामाघूम झाले, गर्दी खुसखुसू लागली. शेवटी हौशीराम म्हणाले, "धरणीमाता येळ मोडून कदी बोलंल का वो?"

"प्रलय झाला तरी नाही!" बाबांनी हात उंचावला.

तेवढ्यात बाबांच्या डोक्यावरचा पंखा गरगरला आणि मागच्या खोलीतून घर्र, घर्र, घर्र!

बटण बंद करायचं बाबांच्या कधी मनातच आलं नसणार. एरवी वीज यायची ती दर्शन आटोपल्यावरच. सृष्टी भिंतीवरच्या मेन स्विचपाशी गेली. खट्. पंखा मंदावला, नाद बंद. पुन्हा खट्. पंखा सुरू, नाद सुरू.

"बाबा," हौशीराम हात जोडून म्हणाले, "पाताळाला वायर कुटनं टाकली?"

गर्दी हसली ती हसलीच. ट्रेकरांनी कुलूप काढायला लावलं. आत रुळांवर चार ड्रम फिरत होते आणि भुकटीचे डबे ओळीने मांडले होते. सृष्टीने एकेका डब्याचं काम समजावून सांगितलं. बाबा कपाळाचं गंध पुसत पायवाटेला लागले. त्यांना अडवायचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"मंग माजा दगूड?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"तुमचाच आहे, आजी," सृष्टी म्हणाली. "घासला की कुणाचाही चमकतो. कसा ते आमच्या गोठ्यात येऊन बघा. तिथं कुलूप नाही."

सरुबाई मात्र ड्रमाकडे नुसत्या बघत राहिल्या होत्या. "म्हंजी माज्या पापानं न्हाई झालं पीठ?"

"दगूड मऊ व्हता, सरू," हौशीराम त्यांच्याजवळ सरकत म्हणाले. "त्यो इहिरीचा व्हता. तुजं काय बी चुकलं न्हाई."

सरुबाईंनी तोंडाला पदर लावला. आठवडाभर ही बाई स्वतःला पापी समजून गोळ्यांविना तळमळत होती, हे तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आलं आणि हसू थांबलं.

ओंकारने त्यांना तसंच गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी साखर तपासली, मग त्या ओरडल्या आणि म्हणाल्या, "आणखी चार दिवस गेले असते तर मला काही सांगता आलं नसतं."

म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून एवढीच विनंती. डोळ्यांपुढे कितीही चकाकतं ठेवलं, तरी ते कसं झालं हे विचारा आणि बंद खोलीची किल्ली मागा. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडायला कुणी सांगितलं, तर तिथून उठा, घरी या आणि ती गोळी घ्या.