पहिला पेला

वसंतराव कॉलेजच्या रसायनशाळेत. अशा माणसाचा घरच्या साध्या पाण्यावर विश्वास बसेल तर शपथ! बावन्न सालच्या उन्हाळ्यात त्यांनी परड्यात वाळू-कोळशाचा रांजण बसवला. विहिरीचं पाणी त्यातून गाळून शिशाच्या नळीनं स्वयंपाकघरातल्या तोटीपर्यंत आणलं. असल्या नळ्या तेव्हा सर्रास वापरत. शिसं मऊ, हातानं वाकतं. आपल्या कारागिरीचं त्यांना केवढं कौतुक!

त्यांच्या आई, माई, रोज सकाळी तोटीचा पहिला पेला पाच वर्षांच्या नातीला, श्यामलाला देत. अनशापोटी पाणी प्यावं, पोट साफ राहतं. रात्रभर नळीत राहिलेलं ते पाणी गारही असे.

वर्षभरात पोरगी वाळली. पोट दुखे, मनगटं लुळी पडली. डॉक्टरांनी हिरड्यांवरची निळसर रेघ पाहिली. म्हणाले, "हिच्या पोटात शिसं जातंय."

वसंतराव तडक शेजारच्या गुंडूकडे गेले. तो भट्टीत शिसं घालून चांदी गाळायचा, आणि विहीर दोघांत एकच. त्याला नाही नाही ते बोलले.

"पोरीपरीस भट्टी मोठी न्हाय, मास्तर," गुंडू म्हणाला आणि त्यानं भट्टी विझवली.

तरी आठ दिवसांत श्यामला गेली. पाणी तपासणं ज्याचं रोजचं काम, त्या बापानं घरचं पाणी एकदाही तपासलं नव्हतं. गुन्हेगार सापडलाच होता ना!

महिन्यानं गुंडू दारात आला. "आता पेटवू काय भट्टी? घरात चूल पेटंना झालीया."

त्याला पुराव्यानिशी गप्प करायचं, म्हणून वसंतरावांनी पाणी रसायनशाळेत नेलं. विहिरीचं, तोटीचं दुपारचं, आणि माईंनी नेहमीसारखा भरून दिलेला सकाळचा पहिला पेला. सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडला, की शिशाचं पाणी काळवंडतं. विहिरीचं पाणी स्वच्छ राहिलं. दुपारचं जेमतेम पिवळसर झालं. पहिला पेला काळाकुट्ट. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

त्यांनी गुंडूचे पाय धरले. घरी येऊन नळी उपटली आणि तिच्याशेजारीच बसून ओक्साबोक्शी रडले.

मोतीबिंदू झालेल्या माई चाचपडत परड्यात आल्या. "कुठलं पाणी वाईट निघालं रे? मी सकाळी देत होते, ते?"

"सगळंच, माई," वसंतराव म्हणाले. "दिवसभराचं सारखंच होतं."