मी गाळलेले शनिवार-रविवार

मी एक जुना क्लास आहे. शाळेतला नव्हे, संगणकाच्या कोडमधला. मित्रांनो, क्लास म्हणजे एक साचा. एकाने तो नीट लिहून ठेवावा आणि इतरांनी आपापल्या कामात वापरावा, यासाठीच आमचा जन्म. माझे नाव 'पुढची तारीख'.

मला एका ग्रंथालयाच्या प्रोग्रॅमरने लिहिले. वाचकाने पुस्तक किती दिवसांसाठी नेले ते मला सांगायचे, मी ते परत करायची तारीख काढून द्यायची. ग्रंथालय शनिवार-रविवार बंद असे, म्हणून ते दोन वार मोजू नयेत अशी एक ओळ त्याने माझ्या पोटात घातली. शेजारी तशी टीपही लिहिली. पुढे मला सगळ्यांसाठी खुले करताना टापटिपीच्या नादात त्याने टिपा पुसल्या. ओळ राहिली, टीप गेली. अकरा वर्षे माझी एकही तारीख चुकली नाही. लोक कौतुक करत आणि मी फुगत असे.

मग एका दवाखान्यातल्या ताईंनी मला घेतले. त्या काउंटरवर बसून रुग्णांचे नंबर लावत आणि चाळिशी उलटल्यावर कोडिंग शिकू लागल्या होत्या. डॉक्टरबाईंनी त्यांना पहिलेच काम दिले, ते म्हणजे इंजेक्शनची पुढची तारीख रुग्णाच्या मोबाइलवर आपोआप कळवण्याचे. तयार क्लास मिळत असेल तर तो वापरावा, असे त्यांना शिकवणाऱ्या सरांनी सांगितले होते. ताईंनी माझ्यापासून एक नवा क्लास काढला, माझे लेकरूच म्हणा. लेकराला बापाचे सगळे आयते मिळते. ताईंनी त्यात फक्त रुग्णाचे नाव आणि औषध यांची भर घातली. माझी खोडही त्याच्याकडे गेली, हे त्यांना कळले नाही, कारण त्यांनी मला उघडून पाहिलेच नव्हते.

त्यांनी मला एकदाच तपासले. सोमवारपासून तीन दिवसांनी कोणता वार, असे विचारले. मी गुरुवार सांगितला. ताई हसल्या, सिस्टरना बोलावून दाखवले. सात दिवस विचारले असते तर तिथेच माझे बिंग फुटले असते. विचारल्यावाचून मला बोलता येत नाही, हे खरे. तरीही त्यांचे ते हसू आठवले की माझी मान खाली जाते.

तिथे एक सुतारकाका येत. त्यांच्या अंगात रक्त कमी, म्हणून दर सोमवारी इंजेक्शन. मी सात दिवस मोजले, शनिवार-रविवार गाळून, आणि त्यांना पुढच्या आठवड्यातला बुधवार कळवला. त्यानंतर नवव्या दिवशीचा शुक्रवार. मग थेट अकराव्या दिवशीचा मंगळवार. सिस्टरनी माझ्या भरवशावर आपली तारखांची वही बंद केली होती आणि मोबाइलवर निरोप येईल त्याच दिवशी या, असे काकांना सांगितले होते. काकांना दम लागू लागला. कामाचा शीण आहे, असे ते बायकोला सांगत राहिले. दीड महिन्यात दोन इंजेक्शने हुकली होती. एके सकाळी दाराची चौकट बसवताना त्यांना चक्कर आली, ते स्टुलावरून पडले आणि उजवे मनगट मोडले.

डॉक्टरबाईंनी तारखा मागवल्या. ताईंनी त्या बोटांवर मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि त्या दिवशी प्रथमच मला उघडले. ती ओळ त्या बराच वेळ वाचत होत्या. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

त्याच दुपारी त्या काकांच्या घरी गेल्या. तिथे काय झाले ते त्यांनी परतल्यावर सिस्टरना सांगितले, म्हणून मला कळले. ताईंनी सबबी सांगितल्या नाहीत.

"काका, तारखा माझ्या कामामुळे चुकल्या. मी दुसऱ्याचं घेतलं आणि आत काय आहे ते बघितलं नाही."

काकूंनी तोंड फिरवले. काका प्लास्टरमधल्या हाताकडे बघत म्हणाले, "फळ्या मीही दुसऱ्याने कापलेल्याच आणतो. पण मापल्याशिवाय एकही बसवत नाही."

ते रागावले असते तर मला थोडे हलके वाटले असते.

ताईंनी मला टाकून दिले नाही. कोणते वार गाळायचे ते आता मला आधी सांगावे लागते, न सांगितल्यास मी काम अडवतो. माझ्या माथ्यावर पुन्हा टीप आहे. काकांना सोमवारी वेळेवर निरोप जातो, पण रंधा धरताना त्यांचे मनगट अजून दुखते.

मित्रांनो, आम्हाला जरूर वापरा, पण आधी उघडून वाचा. आमच्या गोड नावावर जाऊ नका. आणखी सहा जणांनी मला घेतल्याची नोंद होती. ताईंनी सगळ्यांना कळवले. चौघांची उत्तरे आली. दोघांकडे मी अजून तसाच आहे, न विचारता दिवस गाळणारा. तुम्ही त्या दोघांपैकी असाल, तर हे वाचणे इथेच थांबवा आणि आधी मला उघडा.