बोळकीचं बस्तान

थोरल्याच्या घरी मला खोली होती. होती म्हणते, कारण सूनबाईंनी प्राण्यांच्या निवाऱ्यात नाव दिलं आणि माझा पलंग हॉलमध्ये आला. तिथली जनावरं कायमचं घर मिळेपर्यंत आपल्या घरी सांभाळायची, फुकट, पुण्याचं काम म्हणून. पुण्य सूनबाईंचं, फोटोही सूनबाईंचे आणि लादी पुसायला मी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

आली ती एक म्हातारी कुत्री. दात बहुतेक पडलेले. मी तिला बोळकी म्हणू लागले. थोरला हसून म्हणाला, "आई, तुझी बहीण शोभते." शोभू दे. माझंही तोंड काही मोत्यांनी भरलेलं नाही.

बोळकी खाईना. सूनबाई वाटी पुढे करून "खा गं बाळा, खा" करत बसायच्या आणि ती भिंतीला चिकटून थरथरायची. असं कुणी टक लावून बसलं तर कुणाच्या घशाखाली घास उतरेल? मी मऊ भात ठेवला आणि तिच्याकडे पाठ करून मटार सोलत बसले. मागे चपचप सुरू झाली. तेव्हापासून आमचं जेवण तसंच, ती माझ्या पाठीमागे आणि मी भिंतीकडे तोंड करून. मग एका दुपारी ती आली आणि माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपली. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. त्या घरात माझ्या अंगाला कुणाचा हात लागून किती काळ झाला होता.

निवाऱ्याची रीत अशी, की सांभाळणाऱ्यानं मागितलं तर जनावर आधी त्यालाच मिळतं. हे कळल्यावर मी जेवताना विषय काढला.

"बोळकीला ठेवूनच घेऊ या का?"

"आई, तू महिनाअखेर धाकट्याकडे जाणार," थोरला म्हणाला. "मग तिचं कोण करणार?"

माझं हे असं आहे. सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. मुलांचे वडील गेल्यावर दोघांनी बसून ठरवलं. मला फक्त सांगितलं.

"मग नाही जात मी. तिच्यासाठी इथेच राहते, कायमची."

आयुष्यात मुलांकडे तोंड उघडून एवढंच मागितलं. थोरल्यानं सूनबाईंकडे पाहिलं. सूनबाईंनी पाण्याचा ग्लास उचलला.

"असं कसं आई? ठरलंय ना आपलं. धाकट्यालाही वाटतं ना, तू यावंस."

धाकट्याला काय वाटतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

सूनबाईंनी निवाऱ्याला नकार कळवला. बोळकीला न्यायला एक नवरा-बायको आले, सोबत निवाऱ्यातल्या बाई. बाई एकेक गोष्ट विचारत होत्या. कशाला घाबरते? झोपते कुठे? जेवते कशी? सूनबाई माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. मनात आलं, गप्प बसावं, चांगली फजिती होऊ द्यावी हिची. पण उपाशी कोण राहिलं असतं? मग सगळं सांगितलं, पाठ करून बसायचं तेसुद्धा. त्या बायकोनं जमिनीवर तसं बसून दाखवलं, "असं ना, आजी?" निवाऱ्यातल्या बाईंनी माझा नंबर घेतला. बोळकी दारात थांबून मागे बघायला लागली, तेव्हा मी स्वयंपाकघरात निघून गेले.

महिनाअखेरीस धाकट्यानं खालून हॉर्न वाजवला. वर आलाच नाही. गाडीत बसल्यावर म्हणाला, "बॅग एकच ना?"

इथे आल्यावर एकदा माझा फोन वाजला. थोरला असेल म्हणून मी धडपडत उठले. निवाऱ्यातल्या बाई होत्या. जनावर नव्या घरी रुळलं की नाही, ते त्या स्वतः जाऊन बघून येतात म्हणे.

"आजी, बोळकीचं बस्तान बसलं बरं का. पोटभर जेवते. दोघंही पाठ करून बसतात."

"आणि नसती रुळली तर?"

"तर परत आणलं असतं. तिच्या मनाविरुद्ध कुठे ठेवत नाही आम्ही."

"नशीब काढलं हो तिनं."

"आणि तुम्ही? तिकडे बऱ्या आहात ना?"

धाकटी सून दारात येऊन उभी होती.

"मजेत आहे," मी म्हणाले.