डावीकडचा 'ना'

मी एक जुना शिक्का आहे, मित्रांनो, आणि तोही नकाराचा. शाळेतल्या शिक्क्याला शाबासकी द्यायला मिळते, टपालातल्या शिक्क्याला गावोगावची पत्रं भेटतात. माझ्या वाट्याला एकच शब्द आला: नामंजूर. जंगलात फिरायला, तंबू ठोकून राहायला, तळ्यावर होडी न्यायला ज्या कचेरीतून परवाने मिळतात, तिथे मी सारं आयुष्य काढलं. आता टेबलाच्या खालच्या खणात पडून असतो. माझं आयुष्य कोणी विचारलेलं नाही, पण सांगतो.

माझा जन्मच मुळी एका गफलतीतून झाला. कचेरीने शिक्केवाल्याकडे दोन शिक्के मागवले होते, एक मंजूरचा आणि एक नामंजूरचा. शिक्केवाला त्या दिवशी फोनवर कोणाशी तरी कडाकडा भांडत होता. भांडता भांडता त्याने दोन्ही शिक्के मंजूरचेच कोरले. चूक ध्यानात आली तेव्हा त्याने कपाळावर हात मारला, पण सगळं नव्याने करायचं त्याच्या जिवावर आलं. मग रबराच्या एका तुकड्यावर त्याने 'ना' कोरला आणि आमच्यातल्या एकाच्या पुढे चिकटवून दिला. "कोण बघतंय!" असं म्हणून त्याने फुंकर मारली. तो चिकटवलेला मी. माझा जुळा भाऊ मात्र जसा होता तसाच मंजूर राहिला.

तो 'ना' बाकीच्या अक्षरांपेक्षा केसभर कमी उंच बसला होता. मला सरळ टेकवलं तर कागदावर नुसतं 'मंजूर' उमटायचं. डावीकडे जोर देऊन दाबलं, तरच माझा शब्द पुरा व्हायचा. हे व्यंग मी जन्मभर वागवलं.

कचेरीत मी ज्यांच्या हाती आलो त्यांना सगळे परवानेबाई म्हणत. खिडकीच्या आत त्यांची खुर्ची, मागच्या भिंतीवर जंगलाचा मोठा नकाशा, आणि बाहेरच्या बाजूला लाकडी फळी. येणारा प्रत्येक जण त्या फळीवर कोपर टेकून एकच प्रश्न विचारायचा, "मिळेल ना, बाई?" लोकांच्या कोपरांनी ती फळी गुळगुळीत झाली होती.

काय काय लोक यायचे म्हणून सांगू! एक नवरदेव धबधब्याच्या कड्यावर उभं राहून फोटो काढायचा हट्ट धरून बसला होता. एका मंडळाला देवराईसारख्या शांत झाडीत रात्रभर गाणी वाजवायची होती, तेही कर्ण्यावर. एका गुरुजींना अख्खी शाळाच तंबूत झोपवायची होती. बाई सगळ्यांचं ऐकून घेत. परवाना देण्यासारखा असला की माझ्या भावाला उचलत आणि खिडकीबाहेर चेहरे खुलत. नसला की माझी पाळी. पण मला उचलण्याआधी बाई कारण सांगत आणि दुसरी वाटही सुचवत. "कड्यावर नाही जमायचं, पण खालच्या पुलावरून धबधबा अख्खा दिसतो, तिथे काढा फोटो." काही लोक ऐकत. पुष्कळांच्या नाकाला मिरच्या झोंबत आणि ते तणतणत निघून जात. माझ्या भावाचे लोकांनी अक्षरशः मुके घेतले आहेत. माझ्याकडे कोणी धड पाहिलंसुद्धा नाही.

एकदा माझ्या व्यंगाने बाईंना चांगलंच गोत्यात आणलं. पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत एका धावण्याच्या क्लबाला जंगलातून शर्यत काढायची होती. बाईंनी अर्ज नाकारला, पण गडबडीत मला सरळ दाबलं. कागद बाहेर गेला तो 'मंजूर' होऊन. ठरल्या दिवशी पहाटे जंगलाच्या फाटकापाशी ही गर्दी! अर्ध्या चड्ड्या घातलेले लोक, छातीवर आकडे, हातात फुगे. बाई स्वतः फाटकात उभ्या राहिल्या आणि एकेकाची माफी मागून त्यांना घरी पाठवलं. लोकांनी त्यांना नाही नाही ते सुनावलं. त्या दिवसापासून बाई मला दोन्ही अंगठ्यांनी दाबू लागल्या, आधी डावीकडे, मग उजवीकडे, आणि कागद उजेडात धरून 'ना' उमटला की नाही ते पाहू लागल्या. नवा शिक्का मागवा असं शिपाईकाका सुचवायचे. बाई म्हणायच्या, "राहू दे हो. नाही म्हणताना माणसानं जरा जोर लावावाच."

हा किस्सा बाईंच्या घरीही गाजला असावा. त्यांचा धाकटा भाऊ वाटाड्या होता. लोकांना जीपमधून जंगल दाखवून आणायचा, त्यामुळे खिडकीवर त्याचं नेहमीचं येणंजाणं होतं. आला की मान वाकडी करून विचारायचा, "काय ताई, आज तुझा 'ना' जागेवर आहे ना?" बाई हसून त्याला दटावायच्या. आई लवकर गेल्यामुळे बाईंनीच त्याला लहानाचा मोठा केला होता. घरी त्यांचे वडील होते. दोघं त्यांना आबा म्हणत.

मग तो कोरडा उन्हाळा आला. मित्रांनो, तसा उन्हाळा मी पुन्हा पाहिला नाही. वनरक्षक रोज सकाळी मूठभर गवत आणून फळीवर ठेवायचे. बाई ते हातात चुरायच्या. आधी ते मोडायचं, पुढे पुढे त्याची नुसती पूड व्हायला लागली. साहेबांनी हुकूम काढला, पाऊस पडेपर्यंत जंगल बंद. फिरणं बंद, मुक्काम बंद, गाड्या बंद. त्या दिवसांत माझ्या भावाच्या अंगावर धूळ साचली आणि माझी शाई सुकायला फुरसत मिळेना.

अशा एका दुपारी वाटाड्या खिडकीशी आला. आज त्याने चेष्टा केली नाही. अर्ज आत सरकवला आणि म्हणाला, "ताई, आबांना तळ्यावर न्यायचंय."

बाईंचा चेहरा उतरला. आबा अंथरुणाला खिळले होते आणि डॉक्टरांनी हात टेकले होते, हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. जंगलातल्या त्या तळ्यात आबांनी दोन्ही पोरांना पोहायला शिकवलं होतं. एकदा पाण्यात पाय बुडवून बसायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. जीप कचेरीच्या भिंतीला लागूनच उभी होती आणि मागच्या बाकावर उशांना टेकून आबा बसले होते.

"पाऊस पडू दे रे," बाई म्हणाल्या.

"तोवर आबा राहतील का? तूच सांग."

बाईंनी अर्जाची घडी उलगडून सरळ केली.

"मी काडीपेटीसुद्धा नेणार नाही," तो म्हणाला. "तासाभरात परत येतो. तुला माहितीये मी कसा आहे ते."

"तुला काय मी आज ओळखते? पण गाडीचा तापलेला सायलेन्सर तुझं-माझं ओळखत नाही. तळ्यापर्यंत वाटेच्या मधोमध गुडघाभर गवत आहे. ते पेटलं, तर आबांना घेऊन पळणार कुठे? आणि तुम्हाला काढायला जे वनरक्षक आत जातील, तेही कोणाचे तरी बाप आहेत."

शिपाईकाकांना राहवलं नाही. ते हळूच म्हणाले, "बाई, साहेब आज दौऱ्यावर आहेत. घरचंच काम आहे. कोण विचारतंय?"

तेव्हा वाटाड्याने खिडकीतून आत हात घातला आणि माझ्यावर बोट ठेवलं. "ताई, डावीकडे जरा हलकं दाब. एवढंच कर. मागेही झालंय तसं. कोणी म्हणालं तर म्हणायचं, शिक्काच तसला."

मित्रांनो, मी आजवर कोणाच्या बाजूने किंवा विरुद्ध काही मनात आणलं नव्हतं. शिक्क्याने तसं आणूही नये. पण त्या क्षणी मला वाटलं, माझा तो चिकटवलेला तुकडा आत्ताच्या आत्ता गळून पडावा. बाईंनी मला उचललं. त्यांचा हात घामाने भिजला होता. त्यांनी मला कागदावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग त्यांचे दोन्ही अंगठे माझ्या डाव्या बाजूवर आले आणि त्यांनी असा काही जोर लावला की खालचं टेबल कुरकुरलं. 'ना' इतका ठसठशीत आयुष्यात कधी उमटला नव्हता.

वाटाड्याने कागद पाहिला. "आजपासून तू माझी ताई नाहीस," तो म्हणाला. "तू नुसती खिडकी आहेस." आणि तो जीपकडे वळला.

बाई धावतच बाहेर गेल्या. भिंतीपलीकडचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं. आबांनी विचारलं, "काय गं, झालं का काम?"

"नाही आबा. जंगल बंद आहे."

"कोणी बंद केलंय?"

साहेबांनी, असं बाई म्हणू शकल्या असत्या. ते खरंही होतं. पण त्या म्हणाल्या, "मी नाही म्हटलं, आबा."

आबा थकल्या आवाजात म्हणाले, "लांबूनच बघून आलो असतो गं." जीप सुरू झाली आणि निघून गेली. बाई आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडल्या. रडण्याआधी समोरचे लोकांचे अर्ज भिजू नयेत म्हणून त्यांनी बाजूला सारले. शिपाईकाकांनी खिडकीचं दार लोटून घेतलं.

आबा पावसाच्या आधीच गेले. त्या उन्हाळ्यात जंगलात एक ठिणगीही पडली नाही. मोठा वणवा लागला असता तर चार लोक म्हणाले असते, बाईंचं बरोबर होतं. पण एक फांदीसुद्धा जळली नाही, तेव्हा बरोबर की चूक, हे कोणी आणि कशावरून ठरवायचं? आबांना निरोप देऊन परतताना वाटाड्या सगळ्यांसमोर बाईंना म्हणाला होता, "बघितलंस? काही जळलं नाही. फक्त आबा गेले." हे मला शिपाईकाकांच्या बोलण्यातून कळलं. बाई कामावर परत आल्या. लोकांना कारण सांगत, दुसरी वाट सुचवत, पण आवाजातला ओलावा गेला होता. संध्याकाळी मला पुसायला घेतलं की पुसतच राहत. आपण चुकलो असं त्या कधीच बोलल्या नाहीत. बरोबर होतो, असंही बोलल्या नाहीत. पाऊस येऊन गेला, गवत हिरवं झालं, जंगल उघडलं, तरी त्यांचा भाऊ काही खिडकीकडे फिरकला नाही. परवाने न्यायला तो दुसऱ्याच कोणाला तरी पाठवायचा.

एक दिवस मात्र तो स्वतः आला. रांगेत उभा राहिला, पाळी आल्यावर अर्ज आत सरकवला. बाईंनी वाचला. आबांची रक्षा तळ्यात सोडायची परवानगी त्याने मागितली होती.

तळ्याच्या पाण्यात काहीही सोडायला मनाई होती. वनरक्षक, साहेब, बाई, कोणाच्याच माणसांना त्यातून सूट नव्हती. म्हणजे पुन्हा मीच.

बाईंनी मला हात लावला नाही. अर्ज त्याच्यापुढे फिरवून धरला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "पाण्यात नाही चालत. काठापासून लांब, झाडाखाली चालतं. तेवढं बदल."

तो त्या कागदाकडे नुसता बघत राहिला. आता हा फाडून टाकतो की काय, असं मला वाटलं. मग त्याने पेन त्यांच्याकडे सरकवलं. "तूच लिही," तो म्हणाला. "कुठलं झाड, ते तुला जास्त माहीत आहे."

बाईंनी लिहिलं. पुढचा रकाना पाहून त्या थांबल्या. "माणसं दोन लिहिलीयेस. दुसरं कोण?"

"दुसरं कोण असणार?" तो चिडून म्हणाला, पण त्याचे डोळे भरले होते. "आबांची लेक नको का?"

बाई उठल्या. आपल्याच नावाचा परवाना आपणच द्यायचा नाही, असा कचेरीचा नियम होता. त्यांनी साहेबांना आतून बोलावलं, आपली खुर्ची दिली आणि दाराने बाहेर पडून खिडकीशी भावाच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. साहेब अवघडून बसले, चष्मा पुसून अर्ज वाचू लागले. इतक्या वर्षांत बाईंना खिडकीबाहेर उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. बाहेरून त्या किती लहानखुऱ्या दिसत होत्या! त्यांनी फळीवर कोपर टेकले. उत्तर त्यांना ठाऊक होतं, तरीही त्यांनी वाकून विचारलं, "मिळेल ना, साहेब?"

मित्रांनो, आता परवाने यंत्रावर निघतात आणि मला कोणी विचारत नाही. त्याचं दुःख नाही. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. जंगलात जाल तेव्हा जिथे जाऊ नका म्हटलंय तिथे जाऊ नका, आणि कोणी तुम्हाला खिडकीतून नाही म्हणालं तर त्याच्यावर एकदम आवाज चढवू नका. तोही घरी जातो, आणि त्याच्या घरीही कोणीतरी काहीतरी मागत असतं.