पाणी तेच असतं का?

“ध्रुववृत्ताची रेषा पाण्यावर तरंगत असते, की तळाला रंगवलेली असते?”

प्रश्न विचारणारे गृहस्थ गळ्यात दुर्बीण अडकवून उभे होते. टूरिड ब्रेक्केच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. “तरंगत नाही. पण उद्या सकाळी तिथं एका खडकावर तिच्या खुणेचा लोखंडी गोल दिसेल, तो बघा. डाव्या बाजूला उभे राहा.”

गृहस्थ समाधानाने गेले. मागच्या खोलीच्या दारात उभा असलेला स्टिग तोंडावर हात धरून हसत होता. “कसं जमतं गं तुला? माझा तर स्फोट झाला असता.”

बर्गनहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला किर्केनेसपर्यंत जाणाऱ्या ‘हाव्ह्योर्न’ जहाजाच्या माहिती-खिडकीवर टूरिड तिशीत बसली, आणि आता तिचे केस पांढरे झाले होते. भरती आली की वरच्या मजल्यावरच्या केबिना आणखी वर जातात का, मध्यरात्रीचा सूर्य आणि दिवसाचा सूर्य एकच का, परतीच्या वाटेवर डोंगर खिडकीच्या भलत्याच बाजूला कसे गेले, असे प्रश्न तिच्यापुढे येत, आणि ती वेळ विचारल्यासारखी त्यांची उत्तरं देई. ट्रोन्डहाइम सोडलं की त्या संध्याकाळी दिवाणखान्यात ‘प्रश्नांची मैफल’ होई. त्या फेरीतले सगळ्यात मजेदार प्रश्न टूरिड आपल्या त्याच कोऱ्या चेहऱ्याने वाचायची आणि लोक पोट धरून हसायचे. शेवटी सगळ्यात भारी प्रश्न विचारणाऱ्याने हात वर करायचा आणि लोकरीची टोपी घेऊन जायची. ही कल्पना जुन्या व्यवस्थापकाची. स्टिग हा नवा व्यवस्थापक, उत्साही होता, त्याने त्यात मोठा पडदा आणि संगीत आणलं होतं. टूरिडलाही ती संध्याकाळ आवडायची. प्रवासी तिला नावाने ओळखायचे ते त्या संध्याकाळमुळेच.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा एक म्हातारी बाई खिडकीशी आली. अंगात घरी विणलेला राखाडी स्वेटर, हातात थर्मास.

“विचारू का एक?” ती म्हणाली. “वेडगळ वाटेल तुम्हाला.”

“विचारा की. मी त्यासाठीच बसलेय.”

“उद्या आपण वेस्टफ्योर्डच्या खाडीतून जाणार. तिथलं पाणी गेल्या वर्षीचं तेच असतं का?”

मागच्या खोलीत फस्सकन हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. स्टिग फोनवर काहीतरी टिपत दुसऱ्या दाराने बाहेर पडला. बाईने तिकडे पाहिलं, मग खिडकीच्या जवळ सरकली.

“माझं नाव गुनवोर. आम्ही ओस्टर्डालचे, जंगलातले. नवरा मात्र लोफोटेन बेटांवरचा, आर्विद. माझ्यापायी समुद्र सोडून आला माणूस आणि जन्मभर लाकडं तोडली. म्हणायचा, मेल्यावर तरी मला घरी पोचव. गेल्या जूनमध्ये त्याच्या पुतण्याच्या होडीतून राख सोडली तिथं. मी नाही गेले. मला पाण्याची भीती वाटते.” तिने थर्मासचं झाकण घट्ट केलं, पुन्हा सैल केलं. “या वर्षी म्हटलं, जाऊन यावं. पण पाणी काय, वाहतं. तो तिथं असेल का अजून, एवढंच विचारायचं होतं. नदी असती तर मला कळलं असतं.”

टूरिडने वेळापत्रक पुढे ओढून पाहिलं. “उद्या दुपारी बोडो बंदर सोडलं की डेकवर या,” ती म्हणाली. “मी असते इथंच. मला हाक मारा.”

संध्याकाळी मैफलीच्या आधी ती दिवाणखान्यात गेली तेव्हा स्टिग पडदा तपासत होता. त्यावर शेवटचा प्रश्न मोठ्या अक्षरांत झळकत होता: वेस्टफ्योर्डातलं पाणी गेल्या वर्षीचं तेच असतं का?

“हा काढ,” टूरिड म्हणाली.

“हा? अगं, हा तर आजचा राजा आहे.”

“काढ म्हणते ना.”

“पण का?”

“मी सांगते म्हणून.”

स्टिग हसला. “नाव थोडंच घेतोय आपण कुणाचं? आणि लोक आत यायला लागलेत, आता काय बदलू?”

लोक खरंच येत होते. हातात बिअर, ताटल्यांत वाफल आणि तपकिरी चीज. गुनवोर मागच्या कोपऱ्यात, दाराजवळच्या खुर्चीत बसली.

टूरिडने वाचायला सुरुवात केली. रेषेचा प्रश्न झाला, डोंगरांचा झाला. दुर्बीणवाले गृहस्थ स्वतःच्याच प्रश्नावर सगळ्यात जास्त हसले. मग पडद्यावर शेवटचा प्रश्न आला. टूरिडने माईक टेबलावर ठेवला. स्टिगनेच तो उचलला आणि आवाज चढवून वाचला. हशा उसळला. समोरचा एक जण ओरडला, “रोज बदलतात ना पाणी, चादरींसारखं!” पुन्हा हशा.

“चला,” स्टिग टोपी नाचवत म्हणाला, “कुणाचा हा प्रश्न? लाजायचं नाही. हात वर!”

मागे गुनवोरने खुर्चीचे हात धरले होते. तिचा चेहरा लालभडक झाला होता. नियम आहे म्हटल्यावर उठायलाच हवं अशा प्रामाणिकपणे ती उठायला लागली होती.

टूरिडने हात वर केला.

“माझा,” ती म्हणाली.

लोकांना वाटलं हाही खेळातलाच भाग. ते टाळ्या वाजवायला लागले. टूरिडने टाळ्या थांबेपर्यंत वाट पाहिली. हात खाली घेतला नाही.

“प्रश्न माझा आहे. यात हसण्यासारखं काय आहे ते मला कुणीतरी सांगा.”

आवाज चढलेला नव्हता. चेहरा नेहमीचाच, कोरा. पण या वेळी त्या चेहऱ्यावर कुणाला हसता आलं नाही. चादरींवाल्याने ग्लासात पाहिलं.

“कुणीच सांगणार नाही? मग झालं.” तिने हात खाली घेतला. स्टिगने पुढे केलेली टोपी घेतली नाही. लोकांच्या मधून वाट काढत ती बाहेर पडली.

तासाभराने स्टिगने तिला ऑफिसात बोलावलं. तोवर त्याला कुणीतरी गुनवोरची हकीकत सांगितली होती. बहुधा खुद्द गुनवोरनेच.

“मला आधी सांगितलं असतंस तर मी काढला असता ना तो,” तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

“ते सांगायचा हक्क माझा नव्हता. आणि काय रे, कारण कळल्यावरच तुझं हसू थांबणार? मग दर माणसामागे कारण आणून देऊ का तुला?”

“तू सगळ्यांसमोर माझा कचरा केलास, टूरिड. परतीच्या फेरीत पुन्हा मैफल आहे. तिथं दोन शब्द बोल. गंमत होती म्हण. विषय संपला.”

“नाही म्हणणार.”

“लोकांना आवडतं हे. तुलाही आवडायचं.”

“आवडायचं. आता नाही आवडत. मी यापुढे वाचणार नाही.”

स्टिगने कपाळ चोळलं. “मग खिडकीवर तरी कशी बसवू तुला? बोडोला उतर. चार दिवस घरी राहा, मग बघू.”

“मी उतरत नाही.” ती उभीच होती. “हवं तर खिडकी दुसऱ्याला दे. पण माझी फेरी किर्केनेसपर्यंत आहे आणि मी किर्केनेसपर्यंत जाणार. कप्तानाला सांगायचं असेल तर सांग, नाहीतर मीच सांगते.”

त्याने कप्तानाला सांगितलं नाही. सकाळी खिडकीवर सिल्ये नावाची वाढपी मुलगी बसली होती. घाबरली होती. “टूरिड, मला काही विचारलं तर?”

“विचारतीलच. हसू आलं तरी आधी उत्तर दे.”

बोडो मागे पडलं. टूरिड गणवेश न घालता, स्वतःच्या जुन्या निळ्या जाकिटात डेकवर आली. इतक्या फेऱ्या झाल्या, पण दुपारच्या या वेळेला ती नेहमी खिडकीमागे असायची. वेस्टफ्योर्ड तिने असा समोरून, सलग, कधी पाहिलाच नव्हता. वारा होता. समोर लोफोटेनच्या डोंगरांची भिंत निळसर उभी होती.

गुनवोर कठड्यापासून दोन पावलं मागे उभी होती. टूरिडला पाहून म्हणाली, “माझ्यामुळे झालं ना हे?”

“नाही. मला कंटाळा आला होता.”

“आणि माझं उत्तर राहिलं.”

“मला येत नाही ते उत्तर,” टूरिड म्हणाली. “पण आपण त्याच्या गावाकडेच चाललोय, एवढं नक्की.”

गुनवोरने मान डोलावली. मग टूरिडचा दंड धरून ती कठड्यापर्यंत आली. डोळे मिटून थोडा वेळ उभी राहिली, मग उघडले. थर्मासमधली कॉफी तिने झाकणात ओतली आणि हात लांब करून खाली सोडली. अर्धी वाऱ्याने जहाजाच्या पांढऱ्या अंगावर उडवली.

“बिनसाखरेची घ्यायचा,” ती म्हणाली.

दुर्बीणवाले गृहस्थ घाईघाईने त्यांच्याजवळ आले. “काय दिसतंय हो? देवमासा का?”

“नाही,” टूरिड म्हणाली. “पाणी.”

गृहस्थांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा गुनवोरकडे. दुर्बीण डोळ्यांना लावायला उचललेली होती, ती त्यांनी खाली सोडली. मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि शेजारी उभे राहून तेही पाण्याकडे बघत राहिले.