आईला काय विचारायचं

"आम्ही लगेच कारवाई केली ताई," वृद्धांच्या संकुलाच्या व्यवस्थापक श्वेता मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून रोशनी येणार नाही. घरच्यांना न विचारता म्हाताऱ्या बाईचे केस कापायचे म्हणजे काय! वर कानाला कात्री लागली ती वेगळीच."

मिनल खुर्चीच्या कडेवर बसून होती. मॅडमनी चहाचा कप पुढे सरकवला.

"आता ती म्हणते, ताईंनीच फोनवर सांगितलं. अंगाशी आलं की सगळे असंच म्हणतात. आम्ही आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, माही पोरगी असं म्हणूच शकत नाही."

मिनलने चहाचा एक घोट घेऊन कप खाली ठेवला. "आधी आईला भेटून येते," म्हणत ती उठली.

हिंगणा रोडवरच्या या संकुलात प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला स्वतःची खोली होती, ओटा होता आणि अंघोळीला, कपड्यांना मदतीची बाई होती. सुभद्राबाई रामटेकहून इथे राहायला आल्या, तेव्हा मिनलने धरमपेठेतल्या यच्चयावत मैत्रिणींना सांगितलं होतं, आता आईची काही काळजी नाही. ते खरंच होतं म्हणा. काळजी तिने रोशनीच्या गळ्यात घातली होती आणि स्वतः मोकळी झाली होती.

केसांबद्दल रोशनीचा फोन आला, तेव्हा विमा कार्यालयात तिच्या काउंटरपुढे ही गर्दी.

"ताई, आजीच्या केसांत लई गुंता झाला," रोशनी सांगत होती. "धुतले का संध्याकाळपर्यंत ओलेच राह्यतात. डोक्यात फोडं आले, फणी लावू देत नाहीत. कापू का म्हटलं, तर नाही म्हणून राहिल्या."

"अवं, आईले काय विचारत बसतेस? काप अन् मोकळी हो!"

इतकं बोलून तिने फोन ठेवला आणि पुढच्या माणसाची पावती फाडली. घरी जाईपर्यंत ती हे विसरलीसुद्धा. एखाद्या रविवारी येऊन, खोबरेल लावून, मांडीवर डोकं घेऊन बसली असती, तर सुटला असता तो गुंता. पण गेले कित्येक रविवार तिला यायला जमलं नव्हतं.

सुभद्राबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. डोक्यावरून पदर गच्च ओढलेला. जेवायला हॉलमध्ये गेल्या नव्हत्या. ताट टेबलावर झाकलेलं होतं.

"आली वं? दार लाव पह्यले."

दार लागल्यावर त्यांनी पदर खाली घेतला. केस कुठे बोटभर, कुठे त्याहून आखूड, आणि कानामागे कापसाचा बोळा. मिनलला बघवेना.

"म्या मान हालवली म्हणून लागली कात्री," सुभद्राबाई म्हणाल्या. "नको नको म्हणून राहिली होती मी. घरात मयत झाली का माणसं केस देतात. तुह्या बाबाच्या वक्ताले काकांनी देल्ले. माहे काहून घेतले वं? कोण मेलं?"

"आई..."

"अन् वरून ते रोशनी म्हणते, तुले विचारलं! म्या मॅडमले ठणकावून सांगितलं, माही मिनल मले पुसल्याबिगर माह्या कपाटालेबी हात लावत नाही."

गप्प बसणं सोपं होतं. फोड आलेच होते, स्वच्छता हवीच, डॉक्टरनेही हेच सांगितलं असतं. मिनलच्या मनातला वकील भराभरा मुद्दे काढत होता. आईचा विश्वास शाबूत राहिला असता. फक्त रोशनीची नोकरी गेली असती, आणि रोशनी काय, तिला दुसरीकडे काम मिळालंच असतं. आपण हा विचार करू शकतो, याची तिला लाज वाटली.

"आई, मीच म्हटलं तिले, काप म्हणून."

"काय?"

"तू नाही म्हणत होती, तेही सांगितलं होतं तिनं मले. तरी मी म्हटलं."

आईने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. सुभद्राबाई नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या, बाजारात ओळखीची वाटलेली बाई भलतीच निघावी तशा.

"मंग त्या पोरीले काहून काढून राहिले?" त्या अखेर म्हणाल्या. "जा. सांग त्याहिले."

मिनलने जाऊन सांगितलं. श्वेता मॅडमचा चेहरा उतरला. "मघाशीच बोलायचं होतं ना ताई," एवढंच त्या म्हणाल्या आणि रोशनीला कामावर राहू द्यायला सांगितलं. रोशनी पिशवी घेऊन बाहेर व्हरांड्यात उभी होती. मिनलने माफी मागितली, तर ती खाली बघत म्हणाली, "चुकलं माहंबी. आजी नाही म्हणत होत्या तं थांबाले पाह्यजे होतं." मग पिशवी तिथेच ठेवून ती आत गेली. आजींची अंघोळ राहिली होती.

मोरीकडे जाताना सुभद्राबाईंचा तोल जरासा गेला. मिनलने धावत जाऊन दंड धरला.

"मी घालते ना आज अंघोळ, आई."

सुभद्राबाईंनी हळूच हात सोडवून घेतला आणि रोशनीच्या खांद्यावर ठेवला.

"तू बाहेर बस."

दार लागलं. आत बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला, मग तो थांबला.

"आजी, डोक्यावर टाकू?"

तांब्या बादलीच्या काठाला लागलेला ऐकू आला.

"टाक," आई म्हणाली.

मिनल टॉवेल घेऊन दाराशी उभी राहिली. थोड्या वेळाने दार किलकिलं झालं आणि रोशनीचा ओला हात बाहेर आला. मिनलने त्यात टॉवेल दिला. दार पुन्हा लागलं.