सावलीतलं शेवाळ

"बोलो सूर्यनारायण की जय!" अठ्ठ्याहत्तरच्या माघात देवासच्या टेकडीखालचं कुंड माणसांनी फुललं होतं. वर्षानुवर्षांचं शेवाळ सवितानाथबाबांच्या मूठभर भस्मानं आठवड्यात मेलं होतं! भस्म पडलं की पाणी गुलाबी होई, उन्हात हिरवट चमके, मग रंगही उडून जाई.

"पाप जल गया, भक्तों!"

विज्ञानाचे मास्तर दत्तोपंत कडेला उभे राहून जळत होते. वीस वर्षं शिकवूनही त्यांच्यासाठी कधी चार माणसं जमली नव्हती. आणि आज त्यांची बायको सुनेत्राही त्या जटाधाऱ्याकडे डोळे भरून बघत होती.

एका कोपऱ्यातल्या पायऱ्या मात्र हिरव्याच राहिल्या. वर दक्षिणेला विधवा अक्कांचं घर.

"इस घर में पाप है!" बाबा गरजले. "रविवार को दीवार गिराओ, कोना अपने आप साफ!"

अक्का रडू लागल्या. "दत्तोपंत, भिंत गेली की छप्परही जाईल हो!"

पाण्याची ती हिरवट चमक दत्तोपंतांनी कुठंतरी पाहिली होती. घरी वह्या तपासताना लाल शाईची दौत उन्हात धरली, आणि आठवलं: शाईही अशीच हिरवट चमकते! त्यांनी कुंडाचं हिरवं पाणी तीन बरण्यांत भरलं. दोन बरण्यांत लाल शाई टाकली. त्यातली एक उन्हात ठेवली, एक कपाटात. तिसरी बिनशाईची, उन्हात.

रविवारी खंडोजी पैलवान कुदळ घेऊन आला. दत्तोपंत बरण्या घेऊन आडवे आले.

"हटा मास्तर! बाबांवर जळता तुम्ही!"

"जळतो. खरंच जळतो. पण या बरण्या बघ, खंडोजी भिया."

उन्हातली शाईची बरणी निवळली होती. कपाटातली आणि बिनशाईची, दोन्हींतलं शेवाळ जिवंत होतं.

"बाबांच्या भस्मात या शाईचाच रंग आहे. तो ऊन शोषून शेवाळ मारतो. अंधारात त्याचं काही चालत नाही. त्या पायऱ्यांवर या भिंतीची सावली असते. भिंत पाडाल, ऊन येईल, कोपरा साफ होईल, आणि तुम्ही म्हणाल, बाबा खरे!"

"नास्तिक!" बाबा ओरडले.

"मग ही कपाटातली बरणी चादरीखाली ठेवून मंत्रानं साफ करा."

बाबांनी झोळी उचलली आणि बस स्टँडची वाट धरली.

खंडोजीनं कुदळ खाली ठेवली. "चमत्कारी तो आप निकले, मास्तर!"

लोक भोवती जमले. दत्तोपंतांना ते इतकं गोड वाटलं, की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"माझंही खरं मानू नका," ते म्हणाले. "शाई घ्या, बरण्या भरा, आपल्या डोळ्यांनी बघा. आणि कुणाचं घर पाडायला कुणी सांगितलं, तर कुदळ उचलण्याआधी एवढंच विचारा: तुम्हाला कसं कळलं?"